हजर असलेला गैरहजर मतदार

कायद्याच्या भाषेंत कधीं कधीं असे शब्द एकमेकांशेजारीं येऊन बसतात कीं, व्यवहारांत त्यांचें कधीं जमलें नसतें. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील कांहीं राज्यांच्या निवडणूक-कायद्यांत अशीच एक जोडी आढळते. तिला मराठी रूप द्यावयाचें तर 'समक्ष गैरहजर मतदान' असें द्यावें लागेल. मतदार आपल्या पायांनीं कचेरींत येतो, अधिकाऱ्यापुढें उभा राहतो, ओळख पटवितो, मतपत्रिका मागून घेतो, तेथेंच ती भरून परत देतो. आणि तरीसुद्धां कायद्याच्या दृष्टीनें तो गैरहजर ठरतो. कारण एवढेंच कीं, निवडणुकीच्या ठरलेल्या दिवशीं तो आपल्या ठरलेल्या केंद्रावर येणार नसतो.

संज्ञा गमतीची असली, तरी तिच्यामागचा प्रश्न गमतीचा नाहीं. मताचा हक्क सर्वांना आहे हें मान्य केल्यावर, तो बजावण्याची वेळ कोणती आणि जागा कोणती, हें कोणी आणि कोणाच्या सोयीनें ठरवावयाचें? गेल्या चाळीस वर्षांत तेथील राज्यांनीं या प्रश्नाचीं उत्तरें पुनः पुन्हां बदललीं आहेत. कधीं दार उघडलें, कधीं किलकिलें केलें, कधीं कोर्टाच्या हुकुमानें पुन्हां सताड उघडलें.

अमेरिकेंत निवडणुका चालविणारें एकच मध्यवर्ती खातें नाहीं. काँग्रेसच्या निवडणुकांची वेळ, जागा आणि रीत प्रत्येक राज्याच्या कायदेमंडळानें ठरवावी, आणि काँग्रेसला वाटल्यास तिनें त्यांत फेरफार करावा, अशी तेथील राज्यघटनेच्या पहिल्या कलमांत व्यवस्था आहे. या अधिकारांपैकीं दिवसापुरता अधिकार काँग्रेसनें लवकर हातीं घेतला. अध्यक्षाच्या निवडणुकीसाठीं नोव्हेंबरांतील पहिल्या सोमवारानंतरचा मंगळवार हा दिवस १८४५ सालीं सर्व देशाला लावून देण्यांत आला. त्या काळीं बहुसंख्य लोक शेतकरी होते. नोव्हेंबरपर्यंत सुगी आटोपलेली असे; रविवार उपासनेंत जाई; सोमवारीं गाडी जोडून निघालें म्हणजे मंगळवारीं मतदानाच्या गांवीं पोंचतां येई. शेतकऱ्याच्या सोयीचा हा वार पुढें गिरणींतल्या मजुराच्या, इस्पितळांतल्या परिचारिकेच्या आणि दुकानांतल्या नोकराच्या वांट्याला आला. त्यांना मंगळवार हा कामाचा दिवस, आणि त्या दिवशीं देशभर सुटी नसते.

भारतांत निवडणूक आयोग सर्व देशाचा कार्यक्रम आंखतो, आणि मतदानाच्या दिवशीं नोकरांना पगारी सुटी देण्याचें बंधन १९९६ सालच्या कायदेदुरुस्तीनें मालकांवर आहे. त्यामुळें मत देण्याचे दिवस किती, हा प्रश्न येथें फारसा पेटत नाहीं. अमेरिकेंत मात्र पन्नास राज्यें म्हणजे पन्नास नियमावल्या, आणि प्रत्येक नियमावलीमागें एक निराळा इतिहास आहे.

गैरहजर मतदाराची सोय तेथें मोठ्या प्रमाणावर प्रथम झाली ती शिपायासाठीं. यादवी युद्ध चालू असतांना, १८६४ सालीं, लिंकनच्या फेरनिवडणुकीच्या वेळीं उत्तरेकडील बऱ्याच राज्यांनीं शिपायांना छावणींतून मत देण्याची मुभा दिली. इंडियानाच्या कायद्यांत ती नव्हती. तेव्हां लिंकननें सप्टेंबर महिन्यांत सेनापति शर्मन यांस पत्र लिहून, इंडियानाच्या जितक्या शिपायांना निर्धास्तपणें सोडतां येईल तितक्यांना मतदानासाठीं घरीं जाऊं द्यावें, असें सुचविलें. एका राज्याच्या नियमांत एक वाक्य कमी होतें, म्हणून रणांगणावरील माणसें घरीं पाठविण्याचा विचार देशाच्या अध्यक्षाला करावा लागला. पुढें १९०१ सालीं कॅन्ससनें रेल्वेवर काम करणाऱ्या लोकांसाठीं, ते घरापासून दूर असतांनाही मत देऊं शकतील, अशी तरतूद केली. शिपाई, रेल्वेचा नोकर, आजारी माणूस, परगांवीं शिकणारा विद्यार्थी अशी ही यादी हळूहळू वाढत गेली. परंतु तिचा पाया एकच राहिला: आधीं सबब, मग मत.

सबबीचें हें राज्य किती बारीकसारीक होऊं शकतें, याचें उत्तम उदाहरण व्हर्जिनिया होय. तेथें २०१९ पर्यंत निवडणुकीपूर्वीं समक्ष मत देतां येई, परंतु अर्जांत कारण नमूद करावें लागे. परगांवीं जाणें, आजार, गरोदरपण, धार्मिक कर्तव्य अशीं कारणें कायद्यानें मोजून दिलीं होतीं. त्यांतलें एक नोकरदारांसाठीं होतें: मतदान-केंद्रें सकाळीं ६ पासून संध्याकाळीं ७ पर्यंत उघडीं असतात, त्या १३ तासांपैकीं निदान ११ तास जो कामांत आणि कामाच्या प्रवासांत घालवील, त्यालाच ही सवलत मिळे. साडेदहा तास घालविणारा मनुष्य हजर, अकरा तास घालविणारा गैरहजर! खोटें कारण लिहिणें हा गुन्हा. म्हणजे प्रामाणिक मनुष्यानें आपल्या दिवसाचा हिशेब मिनिटांनीं करावयाचा, आणि गरोदर स्त्रीनें आपली अवस्था सरकारी कागदावर लिहावयाची, तेव्हां कोठें मतपत्रिका हातीं पडावयाची. २०२० सालीं व्हर्जिनियाच्या कायदेमंडळानें ही सबबींची यादीच रद्द केली आणि निवडणुकीपूर्वीं ४५ दिवस कोणालाही कारण न विचारतां मत देण्याची मोकळीक दिली.

या वाटेनें व्हर्जिनियापूर्वीं पुष्कळ राज्यें गेलीं होतीं. कॅलिफोर्नियानें १९७८ सालीं टपालानें मत मागविणाऱ्यास कारण विचारणें सोडून दिलें. टेक्ससनें १९८७ च्या कायद्यानें समक्ष मतदानासाठीं सबबीची अट काढली, आणि पुढें त्या पद्धतीचें नांवही 'गैरहजर मतदान' न ठेवतां 'आगाऊ मतदान' असें केलें. या नव्या पद्धतीनें १८४५ च्या एकाच दिवसाचा भंग होतो, असा आक्षेप कोर्टांत घेतला गेला. परंतु निवडणूक त्या मंगळवारीं पूर्ण होते, त्यापूर्वीं मतें स्वीकारलीं म्हणून ती आधीं होत नाहीं, असा निर्णय अपील कोर्टांनीं २००० आणि २००१ सालीं दिला. सबबीचा प्रश्न याप्रमाणें मागें पडूं लागला. वाद मात्र मिटला नाहीं. 'कां येऊं शकत नाहीं?' हा प्रश्न गेला आणि त्याच्या जागीं 'किती दिवस, किती तास, किती खिडक्या आणि कोणते कागद?' हे चार प्रश्न आले.

विस्कॉन्सिनचा इतिहास या दृष्टीनें बोधप्रद आहे. तेथें आजही समक्ष दिलेलें आगाऊ मत कायद्याच्या दृष्टीनें गैरहजर मतच असतें. मतदार मतपत्रिका भरतो, ती पाकिटांत घालून बंद करतो, पाकिटावर सही करतो, साक्षीदाराची सही होते, आणि तें पाकीट निवडणुकीच्या दिवसापर्यंत तसेंच राहतें. निवडणुका चालविण्याचें काम राज्यांतील सुमारें १,८५० गांवांच्या आणि शहरांच्या चिटणिसांकडे असतें. मोठ्या शहराच्या चिटणिसाची कचेरी भरलेली असते, तर खेड्यांतील चिटणीस आपला दुसरा धंदा सांभाळून हें काम करतो.

२०११ सालीं तेथील कायदेमंडळानें समक्ष मतदानाची मुदत सुमारें दोन आठवड्यांवर आणली. २०१४ सालीं शनिवार-रविवार वगळण्यांत आले आणि कचेरीचे तास बांधून देण्यांत आले. समर्थकांचें म्हणणें असें कीं, शहराला परवडतात तितके तास खेड्याला परवडत नाहींत. म्हणून सर्वांना एकच माप असावें. २९ जुलै २०१६ रोजीं जिल्हा न्यायाधीशांनीं हीं बंधनें रद्द केलीं, आणि गांवागणिक एकच मतदान-जागा असावी हा जुना नियमही त्यांतच गेला. डिसेंबर २०१८ मध्यें, नवा गव्हर्नर अधिकारावर येण्याच्या तोंडावर, कायदेमंडळानें दोन आठवड्यांची मर्यादा पुन्हां घातली. जानेवारी २०१९ मध्यें त्याच न्यायाधीशांनीं ती अडविली. आणि २९ जून २०२० रोजीं अपील कोर्टानें २०१६ चा निर्णय फिरवून ती मान्य केली. मतदारानें काय करावें? एका निवडणुकीला जो दिवस खुला, तो दुसरीला बंद, आणि तिसरीच्या वेळीं काय होईल, हें कोर्टाच्या तारखेवर अवलंबून!

'सर्वांना एकच माप' हा युक्तिवाद वरवर न्यायाचा दिसतो. परंतु माप कशाचें, हें पाहिलें पाहिजे. ओहायोंत आगाऊ समक्ष मतदानासाठीं कौंटीला, म्हणजे जिल्ह्याला, एकच जागा असा नियम आहे. २०२० च्या शिरगणतींत राजधानी कोलंबस ज्या जिल्ह्यांत येते, त्या फ्रँक्लिन जिल्ह्याची वस्ती १३ लाखांहून अधिक भरली. व्हिंटन जिल्ह्याची सुमारें १३ हजार. दोघांनाही एकच खिडकी. कागदावर हा नियम समान आहे; रांगेंत उभें राहिल्यावर तो शंभर पटींनीं विषम आहे. नियमाची समता आणि सोयीची समता या दोन गोष्टी एक नव्हेत, आणि या सर्व भांडणाचें मूळ त्यांतच आहे.

ओहायोची कथाही चढउतारांचीच आहे. २००४ च्या निवडणुकींत तेथील कांहीं शहरांत मतदारांना तासन् तास ताटकळावें लागलें. त्यानंतर २००५ सालीं कायदेमंडळानें सबबीची अट काढून टाकली. मतदान ३५ दिवस आधीं सुरू होई आणि नांवनोंदणीची मुदत ३० दिवस आधीं संपे. त्यामुळें मधल्या आठवड्यांत नांव नोंदवून त्याच खेपेस मत देतां येई. २०११ सालीं शेवटच्या तीन दिवसांचें समक्ष मतदान सैन्यांतील लोकांसाठीं ठेवून इतरांना बंद करण्यांत आलें. त्या तीन दिवसांतील रविवारीं प्रार्थना आटोपल्यावर मंडळीनें एकत्र मतदानाला जावयाचें, ही कृष्णवर्णी लोकांच्या पुष्कळ चर्चमधील रीत होती. ऑक्टोबर २०१२ मध्यें अपील कोर्टाच्या निर्णयामुळें ते दिवस पुन्हां खुले झाले. २०१४ सालीं तो नोंदणीचा आठवडा काढून टाकण्यांत आला. खालच्या कोर्टानें त्यास मनाई केली. आणि २९ सप्टेंबर २०१४ रोजीं, म्हणजे मतदान सुरू होण्याच्या आदल्या दिवशीं, सर्वोच्च न्यायालयानें ५ विरुद्ध ४ अशा मतांनीं ती मनाई स्थगित केली. २०२३ सालच्या कायद्यानें छायाचित्र असलेलें ओळखपत्र आवश्यक झालें आणि निवडणुकीच्या आदल्या सोमवारचें मतदान बंद होऊन त्याचे तास आधीच्या आठवड्यांत वांटले गेले.

नॉर्थ कॅरोलिनांत या पद्धतीला पूर्वीं कायद्यांत 'एका खेपेचें गैरहजर मतदान' अशा अर्थाचें नांव होतें. तेथें २०१३ सालीं ही मुदत १७ दिवसांवरून १० दिवसांवर आणण्यांत आली, एकूण तास मात्र पूर्वींइतकेच ठेवावेत असेंही सांगण्यांत आलें. हा कायदा अपील कोर्टानें २०१६ सालीं रद्द केला, आणि योगायोग असा कीं, तो दिवसही २९ जुलै हाच होता. कोणत्या वंशाचे लोक कोणत्या पद्धतीनें मत देतात, याचे आंकडे कायदेमंडळानें आधीं मागविले आणि मग नेमक्या त्याच पद्धतींना कात्री लावली, हें कोर्टाला दिसून आलें. १७ दिवस परत आले. पुढें २०१८ सालीं सर्व जागा सकाळीं ७ ते संध्याकाळीं ७ उघड्या ठेवाव्यात असा नियम झाला. ऐकावयास तो उदार वाटतो. परंतु इतका खर्च न झेपल्यामुळें अनेक जिल्ह्यांनीं जागांची संख्याच कमी केली. तास वाढले आणि अंतरही वाढलें.

फ्लॉरिडानें मात्र आपला धडा लवकर घेतला. २०११ सालीं तेथें आगाऊ मतदानाचे दिवस १४ वरून ८ करण्यांत आले. २०१२ च्या निवडणुकींत मायामीकडे इतक्या लांब रांगा लागल्या कीं, त्यांचीं चित्रें देशभर पसरलीं. ज्या पक्षाच्या बहुमतानें दिवस कमी केले, त्याच पक्षाच्या बहुमतानें २०१३ सालीं १४ दिवसांपर्यंत मतदान ठेवण्याची मुभा पुन्हां दिली.

मर्यादा घालावी असें म्हणणाऱ्यांची बाजू अगदींच पोकळ आहे, असें समजणें अन्यायाचें होईल. सर्व मतदारांनीं सारख्याच माहितीवर निर्णय द्यावा, हें तत्त्व मोलाचें आहे. मार्च २०२० मध्यें डेमोक्रॅटिक पक्षाच्या उमेदवार-निवडीच्या मोठ्या मंगळवारापूर्वीं दोनच दिवसांत दोन प्रमुख उमेदवारांनीं माघार घेतली. त्यांना आगाऊ दिलेलीं कितीतरी मतें वायां गेलीं. मे २०१७ मध्यें माँटानाच्या पोटनिवडणुकींत मतदानाच्या आदल्या संध्याकाळीं एका उमेदवारानें वार्ताहरास मारहाण केली, तेव्हां मोठ्या संख्येनें मतें आधींच देऊन झालीं होतीं. मिनेसोटासारखें राज्य ठराविक दिवसापर्यंत दिलेलें मत रद्द करून नवें देऊं देतें. परंतु ही सोय सर्वत्र नाहीं. शिवाय नोकरवर्ग, जागा, पहारा आणि यंत्रें यांचा खर्च दिवसागणिक वाढतो, आणि तो लहान गांवाला जड जातो.

दिवस वाढविले म्हणजे मतदार वाढतातच, हा समजही तपासून पाहण्यासारखा आहे. विस्कॉन्सिन विद्यापीठांतील अभ्यासकांनीं २०१४ सालीं प्रसिद्ध केलेल्या संशोधनांत, नुसतें आगाऊ मतदान सुरू केल्यानें मतदानाचें प्रमाण उलट कांहींसें घटतें, असें आढळलें. त्याच वेळीं त्याच जागीं नांवनोंदणीची सोय असेल तर ही घट भरून निघते. सर्व गांवानें एका दिवशीं मतदानाला निघण्यांत जी चुरस आणि जी आठवण असते, ती अनेक आठवड्यांत पांगून जाते, असें त्यांचें स्पष्टीकरण आहे. परंतु यावरून दिवस कमी करावेत असें ठरत नाहीं. ज्याला मंगळवारीं येणें अशक्य आहे, त्याच्या बाबतींत सरासरी कामाची नसते.

हा वाद एका पक्षाच्या पुण्याईचा आणि दुसऱ्याच्या पापाचा आहे, असेंही म्हणतां येत नाहीं. वर सांगितलेल्या कपाती रिपब्लिकन बहुमतांनीं केल्या, हें खरें. परंतु डेमोक्रॅटिक पक्षाचा बालेकिल्ला समजल्या जाणाऱ्या न्यूयॉर्कनें आगाऊ समक्ष मतदानाचा कायदा केला तो २०१९ सालीं. कनेक्टिकटच्या मतदारांनीं ही सुधारणा २०१४ सालीं फेटाळली आणि २०२२ सालीं स्वीकारली. उलट रिपब्लिकन बहुमत असलेल्या केंटकीनें २०२१ सालीं दोन्ही पक्षांच्या संमतीनें सबबीशिवाय तीन दिवस दिले. मिसूरीनें २०२२ सालीं दोन आठवडे समक्ष गैरहजर मतदान सर्वांना खुलें केलें, आणि त्याच कायद्यांत छायाचित्राच्या ओळखपत्राची अटही घातली. जॉर्जियाच्या २०२१ च्या ज्या कायद्यानें रांगेंतील मतदारास खाणेंपिणें देण्यावर निर्बंध घातल्यामुळें गदारोळ झाला, त्याच कायद्यानें दोन शनिवारांचें मतदान सर्व जिल्ह्यांना सक्तीचें केलें. एका हातानें देणें आणि दुसऱ्या हातानें घेणें, ही कायदेमंडळांची जुनीच संवय आहे. २०२४ च्या अध्यक्षीय निवडणुकीच्या वेळीं अलाबामा, मिसिसिपी आणि न्यू हॅम्पशायर या तीनच राज्यांत सबबीशिवाय आगाऊ समक्ष मत देतां येत नव्हतें.

हा प्रश्न मराठी घरांनाही अगदीं परका राहिलेला नाहीं. न्यू जर्सींत स्थायिक होऊन तेथील नागरिक झालेलीं मराठी कुटुंबें पुष्कळ आहेत. त्या राज्यानें २०२१ सालीं सार्वत्रिक निवडणुकीपूर्वीं ९ दिवस समक्ष मतदानाचा कायदा केला, आणि शनिवारीं बाजारहाट करतां करतां मत देणें तेथील नोकरदारांस शक्य झालें. याच्या उलट, भारताचें नागरिकत्व कायम ठेवून परदेशीं राहणाऱ्यास २०१० च्या कायदेदुरुस्तीनें मतदार-यादींत नांव घालतां येतें. परंतु मत द्यावयाचें तर त्यानें आपल्या गांवच्या केंद्रावर स्वतः यावें लागतें. त्याचें गैरहजर राहणें कायद्यानें मानलें, पण त्याच्या मताची वाट मात्र विमानाच्या तिकिटांतून जाते.

या सर्व इतिहासांतून एक गोष्ट ठळकपणें दिसते. मतदानाचा नियम बदलणारे लोक स्वतःच त्या मतदानांत उमेदवार असतात. म्हणून नियम किती कडक किंवा किती सैल, एवढेंच विचारून भागत नाहीं. नियम केव्हां बदलला, हें विचारलें पाहिजे. कारण निवडणुकीच्या तोंडावर बदललेला नियम, तो कायदेमंडळानें बदललेला असो वा कोर्टानें, वर्तमानपत्र वाचणाऱ्याला कळतो आणि दुहेरी पाळी करणाऱ्याला कळत नाहीं. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानेंही २००६ सालच्या एका निर्णयांत, मतदान जवळ आलें असतां कोर्टांनीं नियमांत ढवळाढवळ करतांना जपावें, असा इशारा दिला. आणि दुसरें विचारलें पाहिजे तें हें कीं, बदललेल्या नियमामुळें दारांतून परत कोण जातो. सरासरीच्या आंकड्यांत तो मनुष्य दिसत नाहीं. तो दिसतो सोमवारीं संध्याकाळीं, कामावरून सुटून कचेरीपाशीं आल्यावर. दिवा जळत असतो, आंत माणसें असतात, परंतु मागच्या निवडणुकीला जी खिडकी उघडी होती, ती या वेळीं बंद असते. तो हजर असतो. गैरहजर त्याला नियमानें ठरविलेलें असतें.